पुरावा आणि पेशंट: मराठवाड्यातल्या डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथून शिकून तालुक्याला बसलेले डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातले मेडिकल ऑफिसर आणि इंटर्न यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. पुराव्यावर आधारित उपचार आणि मेडिकल ह्युमॅनिटीज हे दोन विषय मुद्दाम एकाच पानावर ठेवले आहेत. का, ते खाली पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या प्रश्नावर आलात की कळेल.

‘एव्हिडन्स-बेस्ड’ म्हणजे गाइडलाइन पाठ करायची, एवढंच ना?

तेवढंच असतं तर डॉक्टर कशाला हवा होता, कंपाउंडरनेही तक्ता बघून गोळ्या दिल्या असत्या.

हा शब्दप्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये छापला आणि १९९२ च्या ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमधल्या लेखानंतर तो जगभर गेला. गाइडलाइनच्या नावाने डॉक्टरांचे हात बांधणार का, अशी ओरड तेव्हाही झाली होती. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘बीएमजे’त त्याला उत्तर दिलं: मिळेल तितकं चांगलं संशोधन, डॉक्टरचा स्वतःचा अनुभव आणि पेशंटला काय हवंय हे तिन्ही धरून निर्णय घ्यायचा. आपल्याकडे पहिली गोष्ट पीजीच्या परीक्षेपुरती राहिली, दुसरीचा आपल्याला अभिमान आहे आणि तिसरी विचारायला ओपीडीत वेळ नसतो.

बाजाराच्या दिवशी दीडशे पेशंट असतात. पेपर कधी वाचायचे?

त्या दिवशी वाचूच नका. दिवसभरात जिथे मन अडखळलं, असा एकच प्रश्न पॅडच्या मागे लिहून ठेवा आणि रात्री तेवढाच शोधा. प्रश्न मात्र नीट मांडलेला हवा: पेशंट कोणता, उपाय कोणता, कशाच्या तुलनेत, आणि आपल्याला नक्की काय टाळायचं किंवा मिळवायचं आहे.

पावसाळ्यातलं नेहमीचं उदाहरण घेऊ. डेंग्यूचा तरुण पेशंट, प्लेटलेट १८ हजार, रक्तस्राव कुठेच नाही. बाहेर नातेवाइकांची गर्दी: “डॉक्टर साहेब, पेशी उतरायल्यात, तुम्ही नुसतं बघायलात!” ‘डेंग्यूत प्लेटलेट द्याव्यात का’ असं मोघम शोधलं तर हजार उत्तरं येतात. ‘प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली, रक्तस्राव नाही, अशा प्रौढ पेशंटला प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळतो का’ असं विचारलं की सिंगापूर आणि मलेशियात झालेली, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी सापडते. तिच्यात प्लेटलेट देऊन रक्तस्राव कमी झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले.

नातेवाइकांना हे कसं सांगायचं, ते त्या पेपरमध्ये लिहिलेलं नाही.

पैसे न भरता कुठे शोधता येतं?

वैद्यकीय पेपर शोधायचं पबमेड १९९७ पासून सगळ्यांना मोफत आहे. त्यात ‘क्लिनिकल क्वेरीज’ नावाची चाळणी आहे. ती लावली की उंदरांवरचे प्रयोग बाजूला पडतात आणि पेशंटवरचे अभ्यास वर येतात. पूर्ण पेपर हवा असेल तर पबमेड सेंट्रल बघा. कॉक्रेन लायब्ररीत एकाच प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासलेल्या असतात. तिथले सोप्या भाषेतले सारांश कुणालाही वाचता येतात. एपिस्टेमोनिकॉस आणि ट्रिप या शोधयंत्रांचंही साधं रूप मोफत आहे. रोजच्या शंकेला एमएसडी मॅन्युअल आणि एनसीबीआय बुकशेल्फ पुरतात. आई दूध पाजत असेल आणि औषध द्यायचं असेल तर त्याच बुकशेल्फवर लॅक्टमेड आहे. गुगलच्या पहिल्या पानापेक्षा यातलं कुठलंही बरं.

आपल्या देशापुरतं म्हणाल तर आयसीएमआरचे ‘स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो’ आधी मोबाइलवर घ्या. २०१९ पासून ते येताहेत. एका आजाराला एक पान, आणि प्राथमिक केंद्रात काय करायचं, जिल्ह्याला कधी पाठवायचं हे त्यात वेगळं दिलेलं असतं. लंडनच्या गाइडलाइनमध्ये ‘तातडीने एमआरआय करा’ असं वाचून किनवटच्या डॉक्टरने करायचं काय? औषधांसाठी राष्ट्रीय आवश्यक औषध यादी बघा; २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आम्हाला लागू आहे का?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना मंजूर केली आणि २०२५ च्या सुरुवातीपासून ती चालू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स तिच्यात आहेत. ती सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालांना भेटून लॉगिन मागा. ग्रंथपाल हा आपल्याकडचा सगळ्यात कमी वापरला जाणारा तज्ज्ञ आहे. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरला या योजनेचा थेट उपयोग नाही. त्याने पेपरच्या लेखकाला ईमेल करावा. लेखक बहुधा आनंदाने पाठवतात, आपलं कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

पेपर हातात आला. आता त्यात बघायचं काय?

एक पेपर जवळून बघू. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. कोकणात महाडला राहून त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं, आणि प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी या दंशात जीव वाचवते हे दाखवून दिलं. २०११ मध्ये ‘बीएमजे’त त्यांची एक चाचणी आली, ती कुणालाही मोफत वाचता येते.

दुसऱ्या श्रेणीची विषबाधा झालेले ७० पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ३५-३५ चे दोन गट पाडले. एका गटाला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस, दुसऱ्याला फक्त प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: पहिल्या गटात ३२, दुसऱ्यात ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ: ८ तास विरुद्ध १७.७ तास.

इथे बरेच जण ‘प्रतिलस प्राझोसिनपेक्षा चांगली’ असं म्हणून पान उलटतात. पेपर तसं म्हणत नाही. प्राझोसिन दोन्ही गटांना होतं. प्रतिलस ही त्यावरची भर. केंद्रात प्रतिलस नसेल तर गोळी न देता ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायला हा पेपर परवानगी देत नाही. पुढे बघा: कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, म्हणजे ‘बरा झाला’ हे ठरवताना मन थोडं झुकू शकतं. मोजलं काय, तर बरं होण्याचा वेग, मृत्यू नव्हे. आणि पेशंट दुसऱ्या श्रेणीचे होते, म्हणून फुप्फुसात पाणी भरून आलेल्या पोराला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

हिशेबही करून बघा. शंभरातले साधारण ९१ विरुद्ध २३, म्हणजे ६८ चा फरक. दर दोन पेशंटना प्रतिलस दिली की त्यातला एक जण दहा तासांत जास्तीचा बरा होतो. इतका मोठा फरक औषधशास्त्रात क्वचित दिसतो, म्हणून ‘ओपन लेबल’, म्हणजे कोणाला काय दिलंय हे उघड असूनही हा पेपर वजनदार ठरतो. कुणी पेशंट, कशाशी तुलना, काय मोजलं, फरक किती आणि माझा पेशंट त्यात बसतो का, एवढं कागदावर काढता आलं की क्रिटिकल अप्रेझलचा, म्हणजे पेपर पारखण्याचा, मोठा भाग झाला. सवय होईपर्यंत पेपर पारखायच्या कॅस्पच्या मोफत प्रश्नावल्या शेजारी ठेवा.

दोन चांगले अभ्यास एकमेकांच्या उलट बोलत असतील तर?

मराठवाड्यात या प्रश्नाला चेहरा आहे: फवारणीचं औषध प्यालेला शेतकरी. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिनबद्दल वाद नाही, ते आधी आणि भरपूर. वाद आहे तो पॅमचा, म्हणजे प्रालिडॉक्झिम या उताऱ्याचा.

२००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या बारामतीची चाचणी आली. २०० पेशंट. सगळ्यांना पॅमचा सुरुवातीचा डोस दिला. नंतर एका गटाला ४८ तास सलग थेंब-थेंब, दुसऱ्याला दर चार तासांनी. मृत्यू १ टक्का विरुद्ध ८ टक्के. बारामतीचं नाव लॅन्सेटमध्ये बघून आपल्याकडे पॅमवरचा विश्वास वाढला, ते साहजिकच होतं. मग २००९ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये श्रीलंकेची चाचणी आली. २३५ पेशंट, एका गटाला पॅम, दुसऱ्याला नुसतं सलाईन. पॅमच्या गटात मृत्यू सुमारे २५ टक्के, सलाईनच्या गटात १६ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकला असता, पण फायद्याचा मागमूस दिसला नाही. पुढे कॉक्रेनच्या आढाव्याने दोन्ही तपासून सांगितलं की पॅम फायद्याचं की तोट्याचं हे ठरवायला पुरावा अपुरा आहे.

नीट बघितलं तर दोघांचा प्रश्नच वेगळा होता. बारामतीत पॅम सगळ्यांना होतं. तिथे विचारलं गेलं ‘किती आणि कसं’. श्रीलंकेने विचारलं ‘द्यायचं की नाही’. पेशंटही वेगळे: बारामतीत मध्यम तीव्रतेचे आणि लवकर पोचलेले. विष कोणतं, किती प्यालं आणि दवाखान्यात यायला किती वेळ गेला, यावर सगळं फिरतं. म्हणून आमचं मत असं: पॅमची बाटली शोधायला धावणाऱ्या माणसाला आधी ॲट्रोपिन, श्वासनलिका आणि ऑक्सिजनकडे लावा. आणि डबा आणायला सांगा, कोणतं औषध ते वाचल्याशिवाय चर्चा पुढे जात नाही.

चौथ्या दिवशी ट्यूब निघते, माणूस बोलायला लागतो. तेव्हा डॉक्टरने केस पेपरवर काय लिहायचं? ‘चुकून पोटात गेले’ हे वाक्य आपल्या वॉर्डांमध्ये इतक्या वेळा लिहिलं जातं की ते छापूनच घ्यावं. बायको पोलिसांना घाबरलेली असते, भाऊ सावकाराला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. एवढं खाटेजवळ बसून सांगितलं की पुष्कळदा खरी गोष्ट बाहेर येते: सोयाबीनचा भाव, पोरीचं लग्न, बँकेची नोटीस. ती कळल्याशिवाय डिस्चार्ज देणं म्हणजे उपचार अर्धा सोडणं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहा. मराठीत बोलणारं माणूस मिळतं.

औषध कंपनीचा एमआर जो रंगीत पेपर देतो, त्यावर विश्वास ठेवायचा का?

पेपर घ्या, चहा घ्या, आकडे स्वतः करा. ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ असं लिहिलेलं असतं. मूळ तक्त्यात शंभरात दोघांचा एक झालेला असतो. खोटं कुणी बोललेलं नाही, फक्त शंभरातल्या एकासाठी बाकी ९९ जणांनी वर्षभर महाग गोळी घेतली हे सांगायचं राहिलं.

पेशंट सलाईनच मागतो. नाही लावलं तर समोरच्या दवाखान्यात जातो.

जातो, हे खरं आहे. आणि समोरचा लावतो.

तरी १९७१ लक्षात असू द्या. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांमधून लोकांना पाजलं. तीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. ओआरएसचा इतका धडधडीत पुरावा आपल्याच देशातला आहे.

पण पेशंट सलाईन का मागतो? मजुरी बुडवून आलेला असतो, उद्या पुन्हा कामावर जायचं असतं. बाटली लावली म्हणजे डॉक्टरने ‘काहीतरी केलं’ आणि तासभर पाठ टेकायला मिळाली. “मामा, तुम्हाला अशक्तपणा वाटायलाय तो तापाचा आहे. ही पुडी लिटरभर पाण्यात घाला, माझ्यासमोर एक ग्लास प्या, अर्धा तास इथंच पडा, मग मी पुन्हा बघतो.” खाट तीच, वेळ तोच, सुई नाही. सगळे ऐकत नाहीत. बरेच ऐकतात.

मेडिकल ह्युमॅनिटीज म्हणजे काय? कविता वाचून शुगर उतरते का?

नाही उतरत. साहित्य, इतिहास, नाटक, नीतिशास्त्र, समाजशास्त्र यांच्या मदतीने आजाराकडे आणि आजारी माणसाकडे बघायला शिकणं, एवढाच त्याचा दावा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या फिजिशियन रीटा शॅरन यांनी ‘नॅरेटिव्ह मेडिसिन’ ही शाखा उभी केली: पेशंटची हकिगत एखाद्या गोष्टीसारखी लक्ष देऊन ऐकायची, कुठे तो थांबला, काय वगळलं हे टिपायचं. आपल्याकडे दिल्लीच्या युसीएमएस या वैद्यकीय महाविद्यालयात २००९ पासून मेडिकल ह्युमॅनिटीजचा गट काम करतो आहे. २०१९ च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात ‘एटकॉम’, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद, सक्तीचं झालं. बऱ्याच ठिकाणी तो तास जेवणानंतर असतो आणि पोरं झोपतात, हा भाग वेगळा.

“पिशवीच काढून टाका” असं पेशंट स्वतःच म्हणत असेल तर?

तिशीतली बाई, दोन-तीन लेकरं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. “मॅडम, अंगावर पांढरं जायलंय, कंबर भरून येतीय. काढूनच टाका, कटकट नको.” सही करायला तयार. पेशंटची पसंती धरायची असं वर आम्हीच लिहिलंय, मग अडचण कुठे?

आधी विचारा, “ताई, कारखान्याला जाता का?” दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, एक दिवस चुकला की खाडा, मुकादम तो उचलीतून कापतो. पाच-सहा महिने पालात राहायचं, संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पहाटे चारला फड. पाळीच्या दिवसांत मोळी उचलून ट्रॉलीत चढायचं. हे ऐकलं की कळतं, तिला पिशवीचा आजार असेलच असं नाही. तिला खाडा परवडत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे केंद्राने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं.

पुरावा काय म्हणतो ते सरळ आहे. पांढरं जाणं हे गर्भाशय काढण्याचं कारणच नाही. जंतुसंसर्ग शोधून त्यावर उपचार करायचे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करायची. रक्तस्राव जास्त असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आहे, हार्मोनची कॉपर-टीसारखी आययूएस आहे. ब्रिटनच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीत आययूएसने नेहमीच्या गोळ्यांपेक्षा बायकांचं रोजचं जगणं जास्त सुधारलं. अंडाशयही काढले तर तिशी-पस्तिशीतच हाडं आणि हृदय यांचा धोका सुरू होतो. बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं. उलट ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ हे मात्र सांगितलेलं असतं, आणि ते कोण सांगतं हे आपल्या पेशातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

खाड्याची गोष्ट ऐकली नसती तर पसंतीच्या नावाखाली चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर शोधत बसलो असतो. म्हणून दोन विषय एका पानावर. आता निर्णय तिच्यासोबत घ्या: फडावर निघायच्या आधी काय बसवता येईल, रक्त वाढवायच्या गोळ्या किती महिन्यांच्या द्याव्या लागतील, तिकडे जवळचं आरोग्य केंद्र कोणतं.

मराठीत वाचण्या-ऐकण्यासारखं काय आहे?

जात्यावरच्या ओव्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या आवाजासकट ऐकता येतात आणि माजलगावच्या बायकांनी गायलेल्याही त्यात आहेत. माहेर, बाळंतपण, दुखणं, सासुरवास. ओपीडीत दोन मिनिटांत जे बाहेर येत नाही ते इथे सापडतं. ‘पारी’वरच ऊसतोडीवरचे वृत्तान्त मराठीत आहेत. इंग्रजी चालत असेल तर १९९३ पासून मुंबईहून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ आहे, सगळं मोफत. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या गावपातळीवरच्या ‘भारतवैद्य’ बायकांनी काय केलं, किंवा मराठवाड्याला लागून असलेल्या जामखेडला आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने १९७० पासून काय उभं केलं, हे वाचण्यापेक्षा जाऊन बघावं. एसटीने दिवसभरात होतं.

एआयला विचारलं तर चालेल का?

प्रश्न मांडायला, इंग्रजी पेपर समजून घ्यायला चालेल. संदर्भ मात्र पबमेडवर जाऊन डोळ्यांनी बघा. अस्तित्वात नसलेला पेपर, लेखक आणि जर्नलच्या नावासकट, ते अगदी आत्मविश्वासाने देतं. पेशंटचं नाव आणि रिपोर्ट त्यात टाकू नका.

आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी यात पडायचं का?

का नाही? २००७ पासून चालू असलेल्या सीटीआरआय या भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आयुर्वेदाच्या चाचण्याही असतात. प्रश्न मांडायची आणि आकडे तपासायची रीत पॅथी बघत नाही.

तालुक्याला जर्नल क्लब कसा सुरू करायचा?

चार जण पुरेत. महिन्यातून एक संध्याकाळ, एकाने पेपर आणायचा, दुसऱ्याने तोच आजार असलेल्या एका पेशंटची हकिगत सांगायची, नाव-गाव वगळून. प्रायोजक नको. जेवण ज्याच्या घरी बैठक त्याच्याकडे, पिठलं-भाकरी चालते. क्रेडिट पॉइंट हवे असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची मान्यता आधी घ्यावी लागते, त्यासाठी आयएमएच्या शाखेतून अर्ज करणं सोपं पडतं.

पेशंटची गोष्ट लिहून व्हॉट्सॲपवर टाकली तर चालेल?

त्याला विचारून. विचारताना तो आपल्या टेबलासमोर खुर्चीवर असेल तर ‘हो’च म्हणणार, म्हणून बरा होऊन गेल्यावर, पुढच्या भेटीत विचारा आणि लिहिलेलं वाचून दाखवा. फोटो नकोच. नाव बदललं तरी गाव, आडनाव, धंदा आणि तारीख एकत्र आली की तालुक्यात माणूस ओळखू येतो. यातलं किमान दोन तरी बदला, आणि सोनोग्राफीच्या कोपऱ्यात छापलेलं नाव पुसायला विसरू नका.